हवेचाही हिशेब मांडणारा शल्यविशारद

हिंगोलीहून वाशीमकडे जाणाऱ्या रस्त्यावर, मराठवाडा आणि विदर्भ यांच्या सीमेवर, कनेरगाव नाका हे गाव आहे. सोयाबीन, तूर आणि हळदीच्या या टापूत आयुष्यभर उकिडवे बसून खुरपणी केलेल्या बायका आणि पाठीवर पोती वाहिलेले पुरुष साठीच्या आसपास आले की गुडघ्यांची तक्रार करू लागतात. पूर्वी अशा माणसाच्या हाती काठी येई आणि उरलेले आयुष्य ओसरीवर जाई. आता त्याला अकोला, नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगर येथे नेऊन गुडघा बदलून आणता येतो. त्यासाठी घरात जो खल होतो, त्यात पहिला प्रश्न खर्चाचा असतो आणि दुसरा, नवा सांधा किती वर्षे टिकेल याचा. या दवाखान्यात गेल्या वर्षी जेवढे सांधे बसवले, त्यांपैकी कितींमध्ये पू झाला, हा तिसरा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. विचारलाच, तर त्याचे उत्तर लेखी मिळण्याची सोय बहुतेक ठिकाणी नाही.

खर्चाच्या प्रश्नात सरकारने हात घातला, तो 2017 च्या ऑगस्ट महिन्यात. कोबाल्ट-क्रोमियमच्या ज्या कृत्रिम गुडघ्याची सरासरी किंमत 1,58,324 रुपये होती, त्यावर 54,720 रुपयांची कमाल मर्यादा घालण्यात आली. हा निर्णय योग्यच होता. परंतु ज्या वस्तूवर किमतीचा छाप असतो, तिचीच किंमत सरकार बांधू शकते. शस्त्रक्रियागृहातील हवा, परिचारिकेने नीट बांधलेला झगा, जखम पाझरते आहे की काय हे पाहण्यासाठी दहाव्या दिवशी केलेली तपासणी, यांवर कसलाच छाप नसतो. स्पर्धेच्या बाजारात काटकसर करायची वेळ आली, तर ती अशा न दिसणाऱ्या गोष्टींत होण्याचा धोका सर्वांत अधिक. म्हणूनच या न दिसणाऱ्या गोष्टी ज्याने आयुष्यभर मोजल्या, त्या माणसाचे चरित्र आज पुन्हा पाहण्यासारखे आहे.

जॉन चार्न्ली यांचा जन्म 29 ऑगस्ट 1911 रोजी इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यातील बरी या गिरणगावी झाला. वडिलांचे औषधांचे दुकान होते. आईने परिचारिकेचे शिक्षण घेतले होते. मँचेस्टरच्या विद्यापीठातून 1935 मध्ये वैद्यकाची पदवी आणि पुढच्याच वर्षी शल्यचिकित्सेतील एफ. आर. सी. एस. ही मानाची पात्रता, असा त्यांचा वेग होता. महायुद्धात ते लष्कराच्या वैद्यकीय दलात गेले. डंकर्कच्या माघारीच्या वेळी ते तेथे होते, आणि नंतर कैरोत त्यांनी लष्कराच्या यांत्रिकी कारखान्याच्या मदतीने मोडलेल्या हाडांसाठी आधारपट्ट्या व इतर साधने बनवून घेतली. लेथ, पान्हा आणि पोलाद यांच्याशी त्यांची गट्टी होती. घरीही त्यांनी स्वतःची कर्मशाळा थाटली होती. शल्यविशारदाचा हात आणि कारागिराची नजर यांचा असा संगम विरळाच.

युद्धानंतर 1946 मध्ये ते ऑस्वेस्ट्री येथील अस्थिरोग रुग्णालयात काही महिने राहिले. तेथे हाडाचे कलम कसे जगते, याचा त्यांना अभ्यास करायचा होता. प्रयोगासाठी त्यांनी स्वतःचीच नडगी निवडली आणि एका सहकाऱ्याकडून तिच्यावर शस्त्रक्रिया करवून घेतली. त्या हाडात जंतुसंसर्ग झाला आणि पुन्हा शस्त्रक्रिया करून घेण्याची पाळी त्यांच्यावर आली. पुढे संसर्गाविषयी त्यांनी जो हट्ट धरला, त्याचा उगम या एकाच प्रसंगात शोधणे भाबडेपणाचे होईल. तथापि हाडात शिरलेला पू म्हणजे काय, हे इतर शल्यविशारद पुस्तकातून शिकतात. चार्न्ली यांनी ते स्वतःच्या पायाने शिकून घेतले होते, एवढे खरे.

मोडलेली हाडे शस्त्रक्रियेविना कशी सांधावी, यावरील त्यांचा ग्रंथ 1950 मध्ये प्रसिद्ध झाला आणि जगभर वापरला गेला. येथेच थांबले असते, तरी त्यांचे नाव राहिले असते. पण एका रुग्णाच्या खुब्याने त्यांचे आयुष्य वळवले. त्या काळी झिजलेल्या खुब्यात अ‍ॅक्रिलिकचा गोळा बसवण्याची एक फ्रेंच पद्धत होती. असा गोळा बसवलेल्या एका माणसाचा खुबा हालचाल केली की कुरकुरे, इतका की त्याच्या पत्नीला त्याच्याबरोबर एका खोलीत बसणे नकोसे झाले. इतरांनी ही गोष्ट विनोद म्हणून सांगितली असती. चार्न्ली यांना त्या आवाजात घर्षण ऐकू आले. निसर्गाच्या सांध्यात घर्षण जवळजवळ नसते. मग माणसाने बनवलेल्या सांध्यात ते कमीत कमी कसे करता येईल, हा प्रश्न घेऊन ते राइटिंग्टन येथे गेले.

राइटिंग्टन हे विगन शहराजवळचे क्षयरोग्यांचे रुग्णालय. स्ट्रेप्टोमायसिनसारखी औषधे आल्यावर क्षयरोग्यांच्या खाटा रिकाम्या होऊ लागल्या होत्या. आडगावच्या या रुग्णालयात चार्न्ली यांनी 1958 च्या सुमारास बस्तान बसवले आणि पुढे तेथेच खुब्याच्या शस्त्रक्रियेचे केंद्र उभे केले. मँचेस्टरच्या नामांकित संस्था सोडून एका आडबाजूच्या जागी जाण्यात त्यांचा मोठा लाभ झाला, तो हा की एकाच प्रकारची शस्त्रक्रिया, एकाच पद्धतीने, शेकड्यांनी करता आली. आणि संख्या मोठी असल्याखेरीज शंभरांत एक-दोन होणाऱ्या अपघाताचा थांग लागत नाही.

त्यांनी मांडीच्या हाडात पोलादाचा लहान गोळा आणि खुब्याच्या खोबणीत टेफ्लॉनची वाटी अशी जोडी योजली. दातांच्या कवळीसाठी वापरले जाणारे अ‍ॅक्रिलिक सिमेंट वापरून हे भाग हाडात पक्के करण्याची युक्ती त्यांनी मँचेस्टरचे रसायनतज्ज्ञ डेनिस स्मिथ यांच्या सल्ल्याने घेतली. पहिले निकाल डोळे दिपवणारे होते. काठ्या टाकून माणसे चालू लागली. सुमारे 300 रुग्णांत हे सांधे बसवून झाल्यावर, एक-दोन वर्षांतच टेफ्लॉन झिजू लागले आणि झिजलेल्या चुऱ्याने आजूबाजूचे हाड व मांस खाल्ले जाऊ लागले. ते सांधे काढण्याचे क्लेशदायक काम चार्न्ली यांनी स्वतःच्याच अंगावर घेतले. इतकेच नव्हे, तर टेफ्लॉनचा चुरा त्यांनी आपल्या मांडीत टोचून घेतला. काही महिन्यांनी तेथे गाठ आली, तेव्हा दोष पदार्थाचाच आहे याबद्दल शंका उरली नाही. हे निरीक्षण त्यांनी 1963 मध्ये आपल्याच अपयशाच्या कबुलीसह प्रसिद्ध केले. योगायोग असा, की त्याच वर्षी केनेथ अ‍ॅरो या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने एक गाजलेला निबंध लिहून, वैद्यकीय सेवा विकत घेणाऱ्याला तिचा दर्जा स्वतः पारखता येत नाही आणि म्हणून हा बाजार इतर बाजारांसारखा चालत नाही, हे दाखवून दिले.

टेफ्लॉनच्या जागी आलेल्या पदार्थाची कथा बहुतेक चरित्रांत रंगवून सांगितलेली असते, म्हणून येथे ती थोडक्यात. कापडगिरण्यांच्या मागांतील सुट्या भागांसाठी वापरले जाणारे एक दाट पॉलिएथिलीन 1962 मध्ये एका विक्रेत्याने राइटिंग्टनला आणून दिले. चार्न्ली यांनी ते नखाने खरवडून पाहिले आणि निरुपयोगी ठरवले. त्यांचा तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन याने, साहेब परगावी असताना, ते झिजेच्या यंत्रावर चढवले. कित्येक दिवस यंत्र चालूनही पदार्थ जवळपास झिजला नाही. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात ते प्रथम माणसाच्या खुब्यात बसवण्यात आले. पुढे अनेक दशके जगभरच्या कृत्रिम सांध्यांत याच जातीचे पॉलिएथिलीन वापरले गेले. टेफ्लॉनने हात पोळलेले चार्न्ली काही वर्षांचे निकाल हाती येईपर्यंत हा सांधा इतरांना सरसकट द्यायला तयार झाले नाहीत. नंतरही, राइटिंग्टनला येऊन पद्धत शिकलेल्या शल्यविशारदालाच तो विकावा, असा त्यांचा आग्रह होता. व्यापाऱ्याच्या दृष्टीने हा शुद्ध वेडेपणा म्हणावा लागेल.

झिजेचा प्रश्न सुटला, पण पूचा सुटला नव्हता. 1960 च्या आसपास त्यांच्या शस्त्रक्रियांमध्ये खोल संसर्गाचे प्रमाण 7 टक्क्यांच्या वर होते. शंभरांत सात ही संख्या कागदावर लहान दिसते. पण कृत्रिम सांध्यातील संसर्ग हा साध्या जखमेतील संसर्गासारखा नसतो. धातू आणि प्लास्टिक यांत रक्त खेळत नाही, त्यामुळे शरीराची संरक्षक फौज तेथवर पोचत नाही. एरवी कातडीवर निरुपद्रवीपणे राहणारे स्टॅफिलोकोकस जातीचे जंतू अशा पृष्ठभागाला चिकटून स्वतःभोवती एक बुळबुळीत थर विणतात आणि त्या थराआड औषधांनाही दाद देत नाहीत. परका पदार्थ शरीरात असला, तर फार थोड्या जंतूंनीही पू होऊ शकतो, हे 1957 मध्येच प्रयोगाने दाखवण्यात आले होते. संसर्ग काही आठवड्यांत लक्षात आला, तर सांधा उघडून धुऊन, हलवता येणारे भाग बदलून तो कधी वाचवता येतो. उशीर झाला, तर बहुधा सगळा सांधा काढावा लागतो, काही आठवडे वा महिने प्रतिजैविके देत थांबावे लागते आणि मग दुसऱ्यांदा सांधा बसवावा लागतो. पहिल्या शस्त्रक्रियेसाठी ज्याने शेताचा तुकडा गहाण टाकला, त्याच्याकडे दुसरीसाठी काय उरते, याचा हिशेब कोणत्याही वैद्यकीय ग्रंथात सापडणार नाही.

हे जंतू येतात कोठून? चार्न्ली यांचे उत्तर होते: बहुतांशी शस्त्रक्रियागृहाच्या हवेतून. माणसाच्या अंगावरून दर मिनिटाला त्वचेचे हजारो सूक्ष्म पापुद्रे गळत असतात आणि त्यांतले काही जंतू घेऊन हवेत तरंगतात. मोठ्या उघड्या जखमेत ते तास-दीड तास पडत राहिले, तर त्यांतला एखादा सांध्यावर बसणारच. त्या काळी हे प्रतिपादन अनेकांना मागे जाणारे वाटले. जोसेफ लिस्टर यांनी 19व्या शतकात हवेत कार्बोलिक आम्लाचा फवारा मारण्याची प्रथा पाडली होती आणि पुढे स्वतःच ती चुकीची मानून सोडली होती. तेव्हापासून हात, हत्यारे आणि कपडे यांच्या शुद्धीवर भर होता. हवेचा विचार मागे पडला होता. शिवाय प्रतिजैविके आलेली असताना हवा गाळत बसण्याची गरज काय, असेही पुष्कळांना वाटे.

चार्न्ली यांनी वाद घालण्याऐवजी मोजायला सुरुवात केली. शस्त्रक्रियागृहात जंतूंच्या वाढीसाठी तयार केलेल्या बशा उघड्या ठेवायच्या आणि त्यांत किती वसाहती उगवतात ते टिपायचे. मग बोल्टनच्या हॉवर्थ यांच्या, हवा गाळण्याची यंत्रे बनवणाऱ्या कारखान्याच्या मदतीने त्यांनी शस्त्रक्रियागृहाच्या आत एक छोटी खोली उभी केली. बागेतल्या काचघरासारखी दिसणारी. गाळलेली हवा छतातून खाली येई. रुग्णाचे डोके आणि भूल देणारा वैद्य बाहेर, जखम आणि शल्यविशारद आत. सुधारत गेलेल्या रचनेत 1966 च्या सुमारास त्या खोलीतील हवा तासाला 300 च्या घरात वेळा बदलली जाऊ लागली. बशांवरच्या वसाहती जवळजवळ नाहीशा झाल्या. संसर्गही उतरला, पण पूर्ण गेला नाही. तेव्हा त्यांचे लक्ष शल्यविशारदाच्या झग्याकडे गेले. ओल्या सुती कापडातून जंतू आरपार येतात, हे ध्यानात आल्यावर दाट विणीचे झगे आले आणि श्वास व अंगाची हवा नळीने बाहेर ओढून नेणारी टोपी आली. अंतराळवीरांसारख्या या वेषाची थट्टाही पुष्कळ झाली.

सुमारे 5,800 शस्त्रक्रियांचा दहा वर्षांचा हिशेब त्यांनी 1972 मध्ये प्रसिद्ध केला. प्रारंभी 7 टक्क्यांच्या वर असलेले प्रमाण 1 टक्क्याच्या आत आले होते, आणि तेही शस्त्रक्रियेपूर्वी प्रतिबंधक म्हणून प्रतिजैविके देण्याची चाल न पाळता. अपयशाची तेवढीच तपशीलवार जाहीर मांडणी करणारे शल्यविशारद तेव्हा किती होते? बहुतेक रुग्णालये आपले यश सांगत. पू झालेला रुग्ण हा अपवाद, दुर्दैव किंवा रुग्णाच्या प्रकृतीचा दोष ठरे.

तरीही टीकाकारांचा आक्षेप रास्त होता. दहा वर्षांत हवाच काय ती बदलली नव्हती. झगे बदलले, हात सरावले, जखम शिवण्याची रीत सुधारली. यांतील कोणत्या कारणाने संसर्ग घटला, हे एका रुग्णालयाच्या आकड्यांवरून सांगता येत नव्हते. अर्थव्यवहारातही असेच होते. एकाच वेळी पाच गोष्टी बदलल्या आणि उत्पन्न वाढले, तर श्रेय कोणाला, याचा वाद संपत नाही. म्हणून ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन मंडळाने 1970 च्या दशकात 19 रुग्णालयांत मोठी चाचणी घेतली. खुबा आणि गुडघा यांच्या 8,000 हून अधिक शस्त्रक्रिया, काही साध्या शस्त्रक्रियागृहात आणि काही अतिशुद्ध हवेत, चिठ्ठ्या टाकाव्यात तशा विभागून करण्यात आल्या. साध्या हवेतील 4,133 रुग्णांपैकी 63 जणांना, तर अतिशुद्ध हवेतील 3,922 पैकी 23 जणांना खोल संसर्ग झाला. प्रतिबंधक प्रतिजैविके दिलेल्या रुग्णांत संसर्ग कमी, हेही दिसले. म्हणजे चार्न्ली आणि त्यांचे विरोधक दोघेही अर्धे बरोबर होते. हा अहवाल जुलै 1982 मध्ये प्रसिद्ध झाला. चार्न्ली यांचे निधन 5 ऑगस्ट 1982 रोजी झाले. तोवर लास्कर पारितोषिक, रॉयल सोसायटीचे सदस्यत्व आणि 1977 मध्ये सर ही पदवी, हे सर्व त्यांच्याकडे चालत आले होते.

कथा येथे संपली असती, तर चार्न्ली यांची गणना केवळ एका यंत्राच्या जनकांत झाली असती. पण पुढे त्यांच्याच यंत्राविरुद्ध पुरावा जमू लागला. न्यूझीलंडच्या सांधेरोपण नोंदवहीतून 2011 मध्ये असे दिसले की, गाळलेल्या हवेच्या शस्त्रक्रियागृहात आणि अंतराळवीरी वेषात केलेल्या शस्त्रक्रियांत संसर्गामुळे पुन्हा शस्त्रक्रिया करण्याचे प्रमाण कमी तर नाहीच, उलट अधिक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2016 मध्ये उपलब्ध अभ्यास पाहून, सांधेरोपणातील संसर्ग टाळण्यासाठी अशी खर्चिक हवायंत्रणा बसवण्याची शिफारस करता येत नाही, असे मत दिले. शस्त्रक्रियेच्या आधी योग्य वेळी दिलेले प्रतिजैविक, मधुमेहावर ताबा, तंबाखू बंद, दात आणि लघवीतील संसर्गावर आधी उपचार, शस्त्रक्रियागृहात विनाकारण उघडझाप न होणारे दार, यांवर आज भर आहे. चांगल्या रुग्णालयांत प्रमाण शंभरात एक-दोनच्या आसपास असते.

यंत्र वादग्रस्त ठरले, परंतु ते कशाने वादग्रस्त ठरले? मोजणीने. स्वीडनने गुडघ्यांची राष्ट्रीय नोंदवही 1975 मध्ये आणि खुब्यांची 1979 मध्ये सुरू केली. इंग्लंड आणि वेल्सने 2003 मध्ये. चार्न्ली यांनी एका रुग्णालयात केले, ते या देशांनी साऱ्या राष्ट्रासाठी केले. भारतात सांधेरोपण करणाऱ्या शल्यविशारदांच्या संघटनेची नोंदवही आहे, पण तीत नोंद करणे ऐच्छिक आहे; आणि जो आकडा देणे ऐच्छिक असते, तो देणारे बहुधा ज्यांचा आकडा चांगला असतो तेच असतात.

कनेरगाव नाक्यासारख्या गावच्या दृष्टीने या त्रुटीचा अर्थ अगदी प्रत्यक्ष आहे. रुग्ण पाच-सहा दिवसांनी घरी परततो. रुग्णालयाच्या दप्तरात तो सुधारणा होऊन घरी गेला, अशी नोंद पडते. पंधराव्या दिवशी जखम पाझरू लागली, गुडघा गरम आणि लाल झाला, तर शंभर-दोनशे किलोमीटरचे भाडे आणि मुलाचा मजुरीचा दिवस वाचवण्यासाठी तो जवळच्या डॉक्टरकडे किंवा थेट औषधाच्या दुकानात जातो. तेथे पाच दिवसांच्या गोळ्या मिळतात. वरून जखम सुकल्यासारखी दिसते. आत धातूवर जंतूंचा थर जाड होत जातो. सांधा वाचवता येण्याचे ते थोडके आठवडे असे निघून जातात. नंतर जंतू कोणता, हे तपासायला सांध्यातील पाणी काढले, तरी आधीच्या गोळ्यांमुळे प्रयोगशाळेत काहीच उगवत नाही. वर्षभराने तो दुसऱ्याच शहरातील दुसऱ्याच रुग्णालयात दाखल होतो. पहिल्या रुग्णालयाच्या हिशेबात तो अजूनही बरा झालेलाच असतो. त्या रुग्णालयाचे प्रमाण कागदावर शून्य राहू शकते, आणि तसे सांगताना तेथील कोणी खोटे बोलत असेलच असे नाही.

यावर उपाय अशक्य कोटीतले नाहीत. शासकीय विमा योजनेतून किंवा शासकीय रुग्णालयात बसवलेल्या प्रत्येक सांध्याला क्रमांक असावा आणि तो रुग्णाच्या आधाराशी जोडलेला असावा. तीन महिन्यांनी आणि वर्षाने आशा कार्यकर्तीने घरी जाऊन जखम, ताप आणि चाल एवढ्याच तीन गोष्टी नोंदवाव्यात. पुन्हा केलेली शस्त्रक्रिया कोठेही झाली, तरी ती मूळ रुग्णालयाच्या खात्यावर पडावी आणि मधुमेही किंवा वयोवृद्ध रुग्णांची संख्या लक्षात घेऊन हे आकडे दरवर्षी प्रसिद्ध व्हावेत. ही सवलत न ठेवल्यास रुग्णालये अवघड रुग्ण टाळू लागतील, हेही ध्यानात घ्यावे लागेल. याला पैसे लागतात. पण एका सांध्यात झालेला पू निस्तरण्याच्या खर्चात अशा कितीतरी घरभेटी होतील.

चार्न्ली यांच्याकडे संगणक नव्हता आणि आधार क्रमांकही नव्हता. रुग्णांना ठरावीक काळाने राइटिंग्टनला परत यावे लागे, आणि ते येत. शिवाय ते आपल्या रुग्णांना आणखी एक विनंती करीत: मृत्यूनंतर कृत्रिम सांधा परत द्यावा, म्हणजे इतक्या वर्षांत तो किती झिजला, हाड त्याच्याशी कसे वागले, हे पाहता येईल. आपल्याला चालते करणाऱ्या डॉक्टरला नाही म्हणणारे थोडे होते. चार्न्ली गेल्यानंतरही, ज्या खुब्यांवर माणसे वर्षानुवर्षे चालली, ते खुबे राइटिंग्टनच्या प्रयोगशाळेत परत येत राहिले.